एका माणसाचा तंबू

सहना बोलायला लागली की आईच्या, सरस्वतीबाईंच्या, शिलाई मशीनचा आवाजसुद्धा मागं पडायचा. सकाळी दात घासताना, तोंडात फेस असतानाही ती बोलायची. ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी निम्मा दिवस सांगून झालेला असायचा. "साकु गे, पुरे आता, जरा तोंडाला विश्रांती दे," असं सरस्वतीबाई दिवसातून दहादा म्हणायच्या आणि अकराव्यांदा स्वतःच विचारायच्या, "मग पुढं काय झालं?" सहनाचे वडील शेषगिरी जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन खोल्यांच्या त्या घरात बोलणारं माणूस हे एवढंच उरलं होतं. आणि ते आता पाठीवर पिशवी टाकून हिमाचलात सात दिवस एकटं चालायला निघालं होतं.

जायला नको म्हणून सांगून झालं, रुसून झालं, एक वेळ जेवण टाकून झालं. पोरगी बधली नाही. तेव्हा सरस्वतीबाईंनी निराळा पवित्रा घेतला. जायचंच आहे तर धड जा, आणि धड परत ये. म्हणजे आधी तंबू बघायला हवा.

हलका आणि स्वस्त तंबू शोधणं हे काय प्रकरण आहे ते ज्यानं शोधलाय त्यालाच ठाऊक. जो परवडायचा तो चार किलोचा निघायचा, आणि जो उचलायला हलका त्याच्या किमतीत घरात नवी मशीन आली असती. वजन उतरेल तसा भाव चढायचा. सरस्वतीबाईंना हे काही केल्या पटेना. कापड कमी तर पैसे कमी, एवढंच त्या जन्मभर धरून चालल्या होत्या. "मीच शिवते," म्हणून त्या बाजारात जाऊन आल्या, पण तिथलं जाड कापड ओझ्याचं आणि पातळ कापड पाणी गळणारं. शेवटी सहनानंच फोनवर एक जाहिरात काढली. एका माणसाचा तंबू, एकदाच वापरलेला, वजन तेराशे ग्रॅम, किंमत दोन हजार. खाली लिहिलं होतं, चेन गेलेली आहे.

"चेन काय, मी अर्ध्या तासात बसवते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "चल, आत्ताच बघून येऊ."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. पुढं कितीतरी दिवस त्यांना ते आठवत राहिलं.

विकणाऱ्याचं घर शहराबाहेर येलवालला होतं, हुणसूर रस्त्यापासून थोडं आत. दार उघडलं ते तिरुमलराव नावाच्या निवृत्त मास्तरांनी. आधी ते कानडीतच बोलले. मग मायलेकींची आपसातली कुजबूज कानावर पडली तसे हसले आणि अडखळत मराठीवर आले. "आमच्या घरात पण आजीपर्यंत हेच बोलायचे. बसा, बसा. काफी घेणार ना?"

खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. सहनाच्याच वयाची, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा कुर्ता. सहनानं आपल्या सवयीनं तिच्याशी बोलायला सुरुवात केली, नाव विचारलं, कुठं शिकलीस विचारलं. मुलीनं मान वळवली नाही. तिचा उजवा हात तेवढा चालला होता. अंगठा आणि तर्जनी जुळवून हात वर जायचा, खाली यायचा, परत वर जायचा. सरस्वतीबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. तो काठ शिवणारा हात होता. टाका घालायचा, ओढायचा, परत घालायचा. फक्त चिमटीत सुई नव्हती.

"आमची विभावरी," तिरुमलराव म्हणाले. "मैत्रिणींबरोबर कोडगूच्या डोंगरात गेली होती. प्रत्येकीचा तंबू वेगळा. वारा असा सुटला की हिच्या दाराची चेनच उसवली. हुशार पोर, जवळ सुईदोरा होता. आत बसून दार शिवून घेतलं. सकाळी मैत्रिणींनी चाकूनं टाके कापून बाहेर काढलं." त्यांनी कॉफीचा पेला उगीचच फिरवला. "तेव्हापासून बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, घाबरलीय. सात महिने झाले. सात महिने कोण घाबरतं, बाई?"

सरस्वतीबाईंचा जीव कळवळला. खरंच कळवळला. तरीपण तंबू हातात घेतल्यावर त्यांची बोटं आपोआप कापड चोळू लागली, आणि चांगलं कापड हाताला लागलं की घासाघीस करायची खोड काही जात नाही. चेन बदलायला लागणार, कडा फाटल्यात, असं म्हणत त्यांनी पाचशे रुपये कमी करून घेतले. तिरुमलरावांनी ते लगेच कबूल केलं. त्यांना ती वस्तू घरातून जायला हवी होती. निघताना सरस्वतीबाईंना आपलीच लाज वाटली. "पोरगी बोलली की मला फोन करा हां," त्या म्हणाल्या. "मी गोड घेऊन येते." त्यांनी आपल्या शिलाईच्या दुकानाचं कार्ड दिलं, नंबर घेतला. खुर्चीतला हात चालतच होता.

बसमध्ये सहनानं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "अम्मा, तिच्या डोळ्यांत बघितलंस? घरात कुणी नसतं आणि दिवे लावलेले असतात, तसं वाटत होतं."

"सुम्ने, गप्प बस गे. भलतंसलतं बोलू नको."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. शिंप्याच्या घरात अंगावर घातलेला कपडा शिवत नाहीत. लग्नाच्या मांडवात नवरदेवाचं बटण तुटलं आणि तिथल्या तिथं लावणं भागच पडलं, तर त्याच्या दातात दोऱ्याचा तुकडा देतात. शिवणाऱ्यानंही आपल्या दातात एक धरायचा. टाके घालून होईस्तोवर दोघांनी तो सोडायचा नाही. माणूस आत असताना कापड शिवतात ते मेल्यावरच, आणि मेलेला माणूस दातात काही धरत नाही. आतला जिवंत आहे हे कळायला म्हणून तो दोरा. कुणाला कळायला, ते सरस्वतीबाईंच्या सासूनं कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शेषगिरी असल्या गोष्टींना हसायचे, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर बटण लावताना त्यांच्याही दातात दोरा असायचा.

हे सगळं सरस्वतीबाईंना पाठ होतं. पण ते कपड्याचं झालं. तंबू काही अंगावरचा कपडा नव्हे.

शनिवारी त्यांनी जुनी चेन काढली, नवी आणली, नवा रनर घातला आणि मशीनवर दाराच्या दोन्ही बाजू मारून घेतल्या. कडेला जागोजागी विभावरीच्या काळ्या दोऱ्याचे कापलेले तुकडे अडकले होते, तेही उपटून टाकले. राहिली ती वरची कमान. तिथं कापडाला घडी पडत होती आणि मशीनचा पाय पोचत नव्हता. काळी शिवण तिथंच संपत होती. चार बोटांएवढे टाके चाकूतून सुटून शाबूत राहिले होते आणि शेवटी आतल्या बाजूला एक गाठ होती, लहानशी, घट्ट. शिवण कितीही ठिकाणी कापा, शेवटची गाठ सुटेपर्यंत ती उसवली असं आपल्यात म्हणत नाहीत, हे शेषगिरींचं बोलणं त्यांना आठवलं आणि त्या उगीचच हसल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी हॉलमधला सोफा सरकवला आणि तंबू उभा केला. हिरवा, बुटका, जेमतेम एक माणूस झोपेल एवढा. "आत बस आणि वरचं कापड हातानं ताणून धर," त्या म्हणाल्या. "सैल राहिलं तर टाका वाकडा जाईल."

सहना आत शिरली आणि तिनं चेन ओढून घेतली. ती चालते का ते तिला बघायचं होतं. आतून तिची बडबड सुरू झाली. स्लीपिंग बॅग कुणाची मिळणार, चुली कशा असतात, अमकीनं टूथब्रशचा दांडा कापून वजन कसं कमी केलं. सरस्वतीबाईंनी रिपर घेतला, काळे टाके एकेक करून उसवले, आणि कड उलटवून सुईच्या टोकानं आतली ती गाठ सोडवली. गाठ सुटताना कापड किंचित आत ओढलं गेलं. कुणी श्वास घेताना नाकाशी धरलेला रुमाल जातो तसं. पंखा चालू असेल, त्यांना वाटलं.

मग त्यांनी हिरवा दोरा ओवला आणि बाहेरून शिवायला घेतलं.

"आणि अम्मा, खाली अंथरायची ती मॅट असते ना, जयलक्ष्मीपुरमला एकाकडं जुनी आहे, तिचं वजन..."

"जरा गप्प बस गे! टाका चुकतोय."

सहना गप्प बसली. सरस्वतीबाईंनी उरलेले टाके घातले, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. घरात छान शांतता होती. पोरीनं कधी नाही ते ऐकलं, म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई!" तिरुमलराव रडत होते की हसत होते ते कळेना. "बाई, बोलली! आत्ता, हे आत्ता! खुर्चीतून उठली आणि म्हणाली, अप्पा, भूक लागली. ताटावर बसलीय बघा. तुम्ही म्हणाला होता ना, कळवा, म्हणून पहिला फोन तुम्हाला केला."

सरस्वतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "विठ्ठला, पावलास रे," त्या म्हणाल्या. "खाऊ द्या तिला, पोटभर खाऊ द्या. मी संध्याकाळीच येते." फोन ठेवून त्या तंबूकडं वळल्या. "सहना, ऐकलंस? ती मुलगी बोलली! सहना?"

त्यांनी तंबूच्या कापडावर दोनदा टिचकी मारली.

"पुरे झालं नाटक. ये बाहेर."

त्यांनी चेन खाली ओढली. सहना मांडी घालून बसली होती. डावा हात अजून वर, कापड ताणून धरलेला. डोळे उघडे. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळली होती, आणि तो हात वर जात होता, खाली येत होता, परत वर जात होता.

सरस्वतीबाईंनी तिला हलवलं. हाका मारल्या, आधी लाडानं, मग शिव्या देऊन. बखोट धरून बाहेर ओढली, फरशीवर बसवली, तोंडावर पाणी मारलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं, पापणी लवली नाही. अंग गरम होतं, श्वास चालू होता, आणि पोरगी तिथं नव्हती. घरात कुणी नसतं आणि दिवे लावलेले असतात. तिचंच बोलणं त्यांना आठवलं. मग त्यांची नजर वर गेली. कमानीवर चार बोटं हिरवी शिवण होती, सुरेख, एकसारखी, शेवटी त्यांच्या हातची गाठ. माणूस आत असताना शिवलेली. दातात दोरा न धरता.

त्यांनी रिळातून हातभर दोरा तोडला. अर्धा सहनाचे दात उघडून त्यात दिला, अर्धा स्वतः चावला. मग रिपर घेतला. घाईत तो दोनदा कापडात घुसला. मागून पुढं, गाठीपासून सुरू करून, एकेक टाका त्या उसवत गेल्या. तोंडात दोरा होता म्हणून देवाचं नावसुद्धा घेता येत नव्हतं. शेवटचा टाका सुटला तेव्हा कापड पुन्हा हललं, या वेळी बाहेरच्या बाजूला.

"...चारशे ग्रॅम फक्त," सहना म्हणाली आणि थू थू करत तिनं तोंडातला दोरा काढला. "हे काय गे? मी बाहेर कधी आले? एवढी ओली कशी झाले?"

सरस्वतीबाईंनी तिला कवटाळलं. पंचवीस वर्षांची घोडी, पण तान्ह्या पोराला घ्यावं तशी घट्ट धरली. सहनाचा उजवा हात त्यांनी आपल्या मुठीत दाबून ठेवला. तो हलत नव्हता. आपण काय मिळवलं हे त्यांना कळत होतं, आणि दोन मिनिटांनी फोन वाजला तेव्हा ते कुठून आलं तेही कळलं.

"बाई," तिरुमलराव म्हणाले. आता ते नक्की रडत होते. "घास हातात होता हो. तोंडाशी नेला होता. मला म्हणाली, अप्पा, मीठ वाढा. मी मीठ घेऊन आलो तर... हात परत तसाच चाललाय." मग त्यांनी विचारलं, "बाई, तो तंबू... तुम्ही तिथं काही केलंत का?"

हिरवा तंबू हॉलमध्ये उभा होता. दार उघडं, वरची चार बोटं उसवलेली. सुई फरशीवर पडली होती, दोरा ओवलेलाच होता. त्या तंबूत एका माणसापुरतीच जागा होती.

"नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी काही नाही केलं."

त्यांनी फोन ठेवला. तो परत वाजला, मग परत. सहना केस पुसत तंबूपाशी गेली आणि कमान बघू लागली. "अम्मा, एवढंच राहिलंय की! शिवून टाक ना. आणि फोन कुणाचा? उचल की. कोण आहे?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि लेकीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बाहेर फोन वाजत होता. "त्या मॅटचं काय सांगत होतीस? सांग. थांबू नको गे. बोलत राहा."