एक नंबरचं कार्ड

यादीत सखीचं नाव वाचलं गेलं आणि पुतळाबाईच्या हातातला झाडू जागीच थांबला. तिची सून उद्यापासून कोविड सेंटरला, फरशा पुसायला आणि चादरी उचलायला. कालच्या रक्ताच्या तपासणीत तिच्या कार्डावर दोन रेघा आल्या होत्या. दोन रेघा म्हणजे आजार अंगातून होऊन गेला, आता परत धरायचा नाही, असं वडप्याच्या गोदामाचा सुपरवायझर दिनेश सांगत होता. म्हणून या बायकांना तिथं तो अंगभर घालायचा पोशाखही लागणार नव्हता. ठेकेदाराचे तेवढे वाचले.

सखीला लहानपणापासून दमा. चूल फुंकली तरी तिची छाती वाजायची.

"तिला कवा झाला आजार?" पुतळाबाईने विचारलं.

"मावशी, रक्त खोटं बोलत नाय," दिनेश म्हणाला आणि पुढचं नाव वाचू लागला.

पुतळाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या पाड्याने टाळेबंदी लागताच वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. गावदेवाला नारळ दिला, भगताने हद्द बांधली, आणि पुढे तीन महिने कुणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. तिचा सख्खा भाऊ आला, त्यालाही फांद्यांच्या पलीकडून भाकरी देऊन माघारी लावला होता. पाड्यात कुणी खोकललं तर घरोघरी कळायचं. कुणी खोकललंच नव्हतं. बायका कामावर येऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

यादीतली सातही नावं पाड्याच्याच बायकांची निघाली. साठीच्या पुढची म्हणून पुतळाबाईचं रक्त घेतलंच नव्हतं.

टेम्पोवाला मोरू मात्र यादीत नव्हता. तो जूनमध्ये चौदा दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून पडला होता. त्याचा कागद अजून खिशात होता.

"मला झालाच न्हाय म्हणतात," तो हसत म्हणाला. "मग मी चौदा दिवस तिथं काय लग्नाला गेलतो?"

पुतळाबाईला हसू आलं नाही. तिला कालची रांग आठवली. पाड्याच्या बायका चालत, सगळ्यांच्या आधी येतात, म्हणून रांगेत पहिल्या. मोरू टेम्पो लावून चहानंतर आला, म्हणून शेवटचा.

ती तडक गेटजवळच्या शेडमध्ये गेली. भिवंडीतल्या लॅबमधून आलेली अतिया आजच्या माणसांसाठी टेबलावर कार्डं मांडत होती.

"बाय, कालची कार्डं कवा वाचली?"

"सगळ्यांचं रक्त घेऊन झाल्यावर. चहानंतर." अतियाने मान वर केली नाही. "दिनेशभाई बोलले, लॉट पुरा होऊ दे, एकदम यादीत चढवू."

"आणि खोक्यावर काय लिवलंय?"

अतियाने खोकं हातात घेतलं. "पंधरा मिनिटांनी वाचा. वीसनंतर वाचू नका."

"सखीचं कार्ड किती वेळ पडून होतं?"

"दीड तास. जास्त वेळ राहिलं की सुकताना उगाच रेघ उमटते."

"आणि मोरूचं?"

"दोन मिनिटं. रेघ उमटायला वेळच मिळाला नाही."

"म्हणजे तुला ठावं होतं."

"मी सांगितलं होतं, आजी. दिनेशभाई बोले, तू सुई टोच, बाकी मैं देख लूँगा."

"मग टोचलंस आणि घरी गेलीस. झोप लागली ना नीट?"

मास्कच्या वर अतियाचे डोळे भरले. पुतळाबाईला तिची दया आली नाही.

"आज पयलं कार्ड मी सांगते तसं कर. रक्त घालू नको. रक्तावर घालतेस ते बाटलीतलं पाणी नुसतं घाल."

"नाव कुणाचं लिहू?"

पुतळाबाईने सांगितलं. अतियाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि पेनाचं टोपण काढून ते नाव वहीत एक नंबरापुढे लिहिलं.

रांग सरली. चहा झाला. दिनेश तोंड पुसत आला, मास्क हनुवटीखाली.

"एक नंबर, दोन रेघा," तो वाकून म्हणाला. "दुसरी फिकी हाय, पण हाय. होऊन गेलाय याला. उद्या सेंटरला."

"नाव वाच बाय," पुतळाबाई म्हणाली. "मोठ्यानं."

"दिनेश," अतियाने वहीतून वाचलं.

मागे मोरू फिस्सकन हसला.

"मी कधी टोचून घेतलं?"

"घेतलंच न्हाय. त्या कार्डावर रक्ताचा थेंब न्हाय, तरी तुला आजार होऊन गेला. आता चल चादरी उचलायला. पोशाख लागायचा न्हाय तुला."

"मावशी, मस्करी बंद कर. नावं आज ठेकेदाराकडं जायचीत."

"मग तुझंपण धाड. सखीच्या वर."

दिनेशने इकडेतिकडे पाहिलं. सातही बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या. त्याने मास्क ओढून नाकावर घेतला. मग अतियाच्या हातातलं पेन घेऊन कालच्या यादीतलं सखीचं नाव खोडलं.

"झालं समाधान?"

"सातही."

त्याने खसाखसा सातही नावं खोडली.

सखीने सासूचा दंड धरला. "आय, चल आता." पुतळाबाईचा राग उतरला नव्हता.

अतिया खाली बघून म्हणाली, "आजी, परवा मानकोलीच्या गोदामात हीच कार्डं होती. अशीच वाचली. तिथली माणसं काल सेंटरला गेलीपण."

पुतळाबाईने एक नंबरचं कार्ड उचललं आणि पदराच्या टोकात घट्ट बांधलं.

"मोरू, टेम्पो काढ, मानकोलीला," ती म्हणाली. "आणि बाय, ते खोकं घे. त्यावर लिवलेलं तिथं तू वाचून दाखवायचंस. काल वाचायला पायजे होतंस, तसं."