प्लास्टिकचा काठ

योगराजच्या आज्या-पणज्यांनी गावचे तलाव बांधले, आणि मिजास मिरवत होता हा. घरामागं शेततळं खोदलं, निळं प्लास्टिक अंथरलं, उन्हाळ्यात पोरांना पोहायची सोय झाली. बायको राखी म्हणाली, भोवती जाळी लावा. घरी कामाला येणारी गंगाबाई म्हणाली, "मालक, निदान दोर तं सोडून ठेवा काठाले. लेकरं हायेत."

"बाई, आमी तलाव बांधनारे लोक. आमाले पानी कायले शिकवून राहिली?" म्हणून पठ्ठ्या खदाखदा हसला. तलावात पोर घसरलं तरी रांगत वर येतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. पण तो मातीचा काठ होता, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी त्याची चार वर्षांची चिनू चेंडूमागं धावत पाण्यात पडली. योगराजनं कपड्यांनिशी उडी टाकली, पोरीला धरलं, चढायला पाय टेकला तर सर्रकन खाली. पुन्हा टेकला, पुन्हा खाली. ओल्या प्लास्टिकवर नखंही रुतेनात. पोरीला डोक्यावर धरून तो ओरडत राहिला, नाकातोंडात पाणी जात राहिलं. गंगाबाई धावत आली. दोर कुठला सापडायला! तिनं उभ्या उभ्या अंगावरची साडी सोडली आणि तिचं टोक फेकलं. ओरडा ऐकून शेजारचे बाप्ये आले, त्यांनीही हात लावला. बापलेक वर येईपर्यंत त्या सगळ्यांत ती म्हातारी परकर-पोलक्यावर उभी राहून ओढत होती.

संध्याकाळी देवरीहून सासरे ईश्वरदास आले. जावयाची पाठ थोपटून म्हणाले, "बाप असावा तं असा!" जमलेल्यांनी माना डोलावल्या. राखीची साडी नेसून गंगाबाई चहा देत होती. योगराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामाजी, म्या नाई वाचवलं," तो म्हणाला. "मीबी बुडूनच राहिलो होतो. राखी बोलली, गंगाबाई बोलली, मी हसलो. या बाईले चारचौघात साडी सोडा लागली, ते माझ्यापायी."

ईश्वरदासांनी पाठीवरचा हात काढला. मग उठून म्हणाले, "चिनूले घेऊन जातो. जाळी लागली का फोन करजा."

राखीनं पोरीचे कपडे भरले. चिनूला मात्र आजोबांच्या मोटारसायकलीवर बसायची घाई. "बाबा, चप्पल!" म्हणून तिनं पाय पुढं केला. योगराजनं खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या. पोरीला इथंच राहू द्या म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं.