ऊन बांधणारा गंडा

घाटंजीचा बाजार, मे महिन्यातली भर दुपार. मधोमध ऊनबांधे महाराजांचे चेले दगडांनी भरलेली बंडी ओढत होते. फेरीमागून फेरी झाली, पण एकालाही भोवळ येईना. बाया हात जोडून उभ्या. महाराज स्वतः मात्र कूलरसमोर बसलेले. ऊन मुठीत असलेल्याला कूलर कशाला, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

"पाहा, पाहा!" महाराज माइकवर गरजले. "सूर्यनारायण आपल्या गंड्यात बांधला हाय! गंडा बांधा. डोक्यावर फडकं घेऊ नका, शेतात पाणी पिऊ नका. पाणी प्यालं का गंडा बाटला!"

म्हणजे गंडा फसला तर पाप तुमचं. भोंदूचं दुकान असंच चालतं.

त्या वर्षी कपाशीने सगळ्यांचीच कंबर मोडली होती. वाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायची मजुरी सोडून बंजारा तांड्यावरच्या बाया ऊन बघत बसू शकत नव्हत्या. रामीबाईने तर डोळे मिटून गंडा बांधला, कारण तिचा लेक बबलू महाराजांचा चेला होता.

दोन दिवसांत ती शेतातच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं बरळल्यासारखं. नवरा हरिसिंग तिला बंडीत घालून निघाला. शाळेच्या विहिरीजवळ तिथल्या खेळाच्या शिक्षिका उज्ज्वलाबाईंनी त्याला अडवलं.

"कुठं नेऊन राह्यले?"

"महाराजाकडं. गंडा ढिला झाला असन, मॅडम."

"बाई मरून राह्यली अन् तुम्ही गंडा घट्ट करता?"

बाईंनी परवानगी विचारली नाही. रामीबाईच्या अंगावर बादल्या ओतल्या, पदराने वारा घातला आणि बंडी दवाखान्याकडे वळवली.

खाटेवर बेशुद्ध पडलेल्या आईला पाहून बबलू ढसढसा रडू लागला. "याडी, गंड्यात काहीच नाही वं! मले माहीत होतं!"

"काय माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"आमी रोज पालखी घेऊन टेकडीभोवती पळतो. मंग आमाले गरम पाण्याच्या टाक्यात बसवते. अग्निस्नान म्हणते त्याले. मी महिनाभर मामाच्या गावाले गेलतो, पळणं-न्हाणं सुटलं. वापस येऊन बंडी ओढली तं चक्कर येऊन पडलो. गंडा तं हातातच होता! महाराजानं मले तंबूमागं लपवलं. तिथं आमी सारे पाणीबी पितो."

"अन् बायांले टाकं?"

"बायांचा विटाळ होते म्हणते. बायांले निस्ता गंडा."

बाईंचा संताप अनावर झाला. "अरे, मेहनतीनंतर रोज गरम पाण्यात बसलं का शरीर हळूहळू उष्णता सोसाले शिकते. घाम लवकर सुटते, अंग थंड राह्यते. सोडलं का ते उतरतेबी. धडधाकट पोरांनी, कोणाच्या देखरेखीत करायची गोष्ट हाय ते. गुण पाण्याचा, अन् नाव सुताचं!"

पुढच्या बाजारात बबलूने हे सगळं भरगर्दीत सांगितलं. बाई महाराजांना म्हणाल्या, "गंडा तुमच्याबी हातात हाय. या, एक फेरी ओढा."

"आज आमचं मौन हाय," महाराज माइकवरून म्हणाले.

आधी एक बाई हसली, मग सारा बाजार हसला. संध्याकाळपर्यंत तंबू उठला होता.

रामीबाई वाचली. शेजारच्या तांड्यावरच्या सुखीबाईनेही गंडा बांधला होता; ती वाचली नाही. शेतात ती पडली होती तिथेच, उशाशी पाण्याचा कॅन सापडला, तोंडापर्यंत भरलेला.

म्हणून सांगतो, डोकं झाका, पाणी प्या, माणूस बरळू लागला तर त्याला भिजवून दवाखाना गाठा. आणि तहानलेल्याला पाणी पिऊ नको सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या पाया पडू नका. त्याला पोलिसात द्या.