मारुतीचे डोळे

कार्यानुभवाच्या बाईंना शाळेत कुणी विचारत नाही. गणिताचा धडा मागे पडला, घ्या कलावतीबाईंचा तास. स्नेहसंमेलनाचा सराव आहे, घ्या कलावतीबाईंचा तास. त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या कारखानदारांच्या मंडळाने यंत्रमानव बनवायची पेटी आमच्या ठाण्याच्या शाळेला पाठवली, तेव्हा ती माझ्या वाट्याला का आली, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विज्ञानाच्या सरांनी दहावीचं वर्ष आहे म्हणून हात वर केले होते.

"तुमच्याकडे शिवणकाम, काडेपेट्यांची घरं वगैरे असतंच," हेडसर म्हणाले. "त्यात हेही बसेल."

मी चिडले. मी लवकर चिडते. पण पेटी उघडली आणि राग कुठल्या कुठे पळाला. दातेरी चाकं, मोटरी, भोकाभोकांच्या पट्ट्या, स्क्रू, वायरी. सातवीच्या पोरांनी तर श्वासच रोखला.

अट एकच होती. पहिलं सत्र पेटी आमच्याकडे, दुसरं सत्र कल्याणच्या शाळेकडे. जाताना सगळं सुटं करून, भाग न् भाग पेटीत भरून द्यायचा. पेटी एका शाळेत अडली तर मंडळ ती परत नेणार आणि यापुढे कुठल्याच शाळेला देणार नाही. मी हसत हसत सही केली. सुटं करण्यात काय अवघड आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पोरांनी गाडी बनवली. बनवली म्हणजे मुख्यतः मालूने बनवली. चेंदणी कोळीवाड्यातली ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडायची नाही, पण स्क्रू पिळताना जीभ दातांत धरून सगळ्यांना हुकूम सोडायची. गाडीच्या पुढच्या बाजूला उजेड ओळखणारे दोन बारके मणी होते. ज्या मण्यावर जास्त उजेड, तिकडे गाडी वळायची. मालूने माझ्या शिवणाच्या डब्यातली दोन मोठी काळी बटणं घेतली आणि मणी झाकले जाणार नाहीत अशी, त्यांच्या जरा वरच्या बाजूला, डोळे म्हणून चिकटवली. त्या बटणांनी घात केला. तोवर ती गाडी होती, आता तिला चेहरा आला.

पहिल्याच दिवशी ती टॉर्चमागे शहाण्यासारखी फिरली, आणि दारातून ऊन दिसताच टॉर्चला सोडून बाहेर सुटली. व्हरांडाभर पोरं तिच्यामागे. हेडसर समोरून येत होते, ते धोतर सावरत भिंतीला चिकटले.

"बाई, हा मारुती हाय," मालू धापा टाकत म्हणाली. "सूर्य धरायला धावला."

ती गोष्ट मीच एका मोकळ्या तासाला सांगितली होती. नाव चिकटलं. पुढे मारुतीला शेपटी आली, लाल लोकरीची. शनिवारी त्याच्यासमोर कुणीतरी खोबरंसुद्धा ठेवू लागलं. मी ओरडायची आणि खोबरं खायची.

दिवाळीची सुट्टी संपली. कल्याणचे कुंडलिक सर पेटी न्यायला यायचा दिवस उजाडला, आणि मालू मारुतीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली.

"मी नाय देनार."

सगळा वर्ग तिच्या बाजूने. मी आधी रागावले, मग गोडीगुलाबीवर आले. माझ्या मते मला फार सुंदर कल्पना सुचली होती. "अगं, गणपतीचं विसर्जन करतोच ना आपण? किती जीव लावतो, तरी पोचवतो. तसंच करू. टाळ आणा, आरती म्हणू."

पोरं विरघळली. एकाने तर टाळही आणले. मालू मात्र हलली नाही.

"बाई, गनपतीचं करतात. मारुतीचं विसर्जन कुठं करतात? मारुती चिरंजीव असतो. तुम्हीच सांगितलंत."

हेडसर दारात उभे होते. ते घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मला रडू येईल की हसू, तेच कळेना. पेटी अडणार, आणि ती माझ्याच गोष्टीने अडणार.

तेवढ्यात कुंडलिक सर आले. सोबत त्यांच्या शाळेतली दोन-तीन पोरं. त्यांतली रंभा नावाची चुणचुणीत मुलगी सरळ पेटीपाशी गेली, तिने झाकण उघडलं आणि आत पाहिलं. पेटी जवळपास रिकामी होती.

"सर, यात तर काहीच नाय," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "आपण काय बनवायचं?"

मालू तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरच्या मारुतीकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"कल्यानला मारुतीचं देऊळ हाय?" तिने विचारलं.

"आहे की," रंभा म्हणाली. "सगळीकडेच असतं."

"मग मारुती तिथंपन असतोच, झालं तर," मालू म्हणाली, आणि खिशातून पाना काढला. "ये, बस इथं. बघून ठेव. हा स्क्रू शेवटी लावायचा, नायतर चाक घासतं."

दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. एक एक पट्टी सुटत गेली, एक एक चाक पेटीत गेलं. आमची पोरं भोवती उभी राहून चुका सांगत होती, कल्याणची पोरं विचारत होती, आणि थोड्याच वेळात कोण कुठल्या शाळेचं ते मलाही ओळखू येईना. मला इतका आनंद झाला की टाळ वाजवावेसे वाटले.

"पण आमच्या घरी बुद्ध आहेत," रंभा जरा अडखळत म्हणाली. "आम्ही याचं नाव दुसरं ठेवलं तर चालेल?"

मालूच्या हातातला पाना थांबला.

"पोर तुमचं," मालू शेवटी म्हणाली. "बारसं तुम्हीच करा."

लाल शेपटी तिने स्वतःच्या वेणीला बांधली. हातात उरली ती दोन काळी बटणं. ती पेटीची नव्हती, माझ्या डब्यातली होती, तिने ठेवून घेतली असती तरी कुणी विचारलं नसतं. तिने ती रंभाच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"डोळे सगळ्यात शेवटी लाव," ती म्हणाली. "एकदा डोळे लावले की मग स्क्रू काढवत नाय."