गाण्याच्या आधी उस्मान बोलतो

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या वरच्या कडेला दोन लहान खाचा आहेत. त्यांतल्या एका खाचेवर तपकिरी चिकटपट्टीचा तुकडा अजून तसाच आहे. माझी गोष्ट म्हणजे त्या तुकड्याचीच गोष्ट.

माझा जन्म जपानमधला. तिथल्या एका लाडक्या गायिकेची दहा गाणी माझ्या फितीवर भरली गेली. वेष्टनावर तिचा फोटो होता. आखूड केस, कानामागे पांढरे फूल आणि हसताना किंचित वाकडा दिसणारा एक दात. माझ्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून कारखान्यात माझ्या खाचा उघड्या ठेवल्या होत्या. त्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नव्हते.

ओकाबे नावाच्या इंजिनिअरसाहेबांनी मला रियाधला आणले. कंपनीच्या गाडीत ते मला रोज लावत. गाडी चालवायचा उस्मान. तो दाभोळच्या खाडीकाठचा. गाण्यातला एक शब्द त्याला कळत नसे, पण सिग्नलला गाडी थांबली की त्याची बोटे स्टिअरिंगवर ताल धरत. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि परदेशी कुटुंबे भराभर मायदेशी निघाली. विमानतळावर उतरताना साहेबांनी मला उस्मानच्या हातात ठेवले.

"साहेब, या पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात ती काय म्हणते, तेवढं सांगून जा," उस्मान मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

साहेब म्हणाले, "कुणाला तरी निरोप द्यायला आली आहे. रडायचं नाही असं ठरवून आली आहे."

अशी मी रियाधच्या अल मलाझ वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात आले. उस्मानची बायको रईसा फोटो बघून म्हणाली, "ही कोण चाफेवाली आणलीत?" तेच नाव पडले. त्यांच्या पाच वर्षांच्या फरहानाला ते निरोपाचे गाणे महिन्याभरात पाठ झाले. शब्द मात्र तिचे स्वतःचेच.

"शाळेत इंग्लिश, बाहेर हिंदी, आता घरात जपानी," रईसा म्हणे. "गावी दादीशी ही कुठल्या भाषेत बोलणार?"

"गाऊन दाखवील," उस्मान म्हणे.

जानेवारीत युद्ध पेटले. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांच्या फटींवर उस्मानने तपकिरी चिकटपट्ट्या लावल्या. भोंगा वाजला की तिघे आतल्या खोलीत जात. फरहाना तोंडावर मास्क चढवू देत नसे. मग मला लावत. चाफेवाली गाऊ लागली की पोर शांत बसे. माझ्या आयुष्यात याहून मोठे काम मला मिळाले नाही.

गावी उस्मानची अम्मा होती. रेडिओवर रियाधचे नाव ऐकून तिने अन्न सोडले आहे, असे कुणाकडून तरी कळले. फोन लागत नव्हता. अम्माला वाचता येत नसे, म्हणून या घरातून तिला आवाजाची पत्रे जात. कोरी कॅसेट घ्यायची, टेपरेकॉर्डरची दोन बटणे एकदम दाबायची, मनातले बोलायचे आणि कॅसेट गावी जाणाऱ्या माणसाच्या सामानात द्यायची. पण त्या आठवड्यात निम्मी दुकाने बंद होती. कोरी कॅसेट कुठेच मिळेना.

तेव्हा उस्मानने चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि माझ्या खाचेवर लावला. आता माझ्यावर काहीही भरता येणार होते.

"अवो, तिची गाणी पुसली जातील," रईसा म्हणाली.

"तिची गाणी जपानात लाखभर घरांत असतील. अम्माला मुलगा एकच आहे."

तो वीस मिनिटे बोलला. घर सुरक्षित आहे, कामावर पाणी मिळते, फरहानाचा दात हलतोय, असे सगळे. निरोपाचे गाणे जिथे निम्म्यावर यायचे तिथे त्याने बटण बंद केले, म्हणून पुढचे निम्मे गाणे तसेच राहिले.

शेजारी यूनुस टेलर राहत असे. तो जेद्दाला निघाला होता. तिथल्या शराफिया मोहल्ल्यात कोकणाकडे जाणारे कुणी ना कुणी भेटतेच. शुक्रवारी नमाजानंतर तो मला घेऊन जाणार होता. पण गुरुवारीच एका गाडीत जागा मिळाली आणि तो घाईने गेला. "खलास," उस्मान म्हणाला. "आता पुढच्या माणसाबरोबर पाठवू." मी कपाटावर राहिले. खाचेवरचा तुकडा काढायचे कुणाच्या लक्षात आले नाही.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबले. मार्चमध्ये कंपनीचे सामान आणायला उस्मानला पूर्वेच्या किनाऱ्याकडे पाठवले. कुवेतमधल्या तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. धुराने भर दुपारी रस्ता काळा झाला होता. रस्त्यात उभा असलेला ट्रेलर त्याला दिसला नाही. तिकडेच त्याला दफन केले. अम्माला मुलाचे तोंडही दिसले नाही.

घर बायकांनी भरले होते. फरहाना टेपरेकॉर्डर घेऊन आतल्या खोलीत गेली. तिला चाफेवाली ऐकायची होती, पण माझ्यातून अब्बांचा आवाज आला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग माझी फीत मागे पार सुरुवातीपर्यंत फिरवली. दूरच्या माणसाशी कसे बोलतात, हे त्या घरातल्या पोरीला पक्के ठाऊक होते. तिने दोन बटणे एकदम दाबली.

"अब्बा, तुम्ही दादीलाच सगळं सांगितलं. तुम्ही कुठे आहात ते सांगितलंच नाही."

ती बोलली, गप्प बसली, पुन्हा बोलली. चाफेवालीचे गाणे तिने दोनदा म्हटले. मी फिरत राहिले आणि उस्मान पुसला जात राहिला. मित्रांनो, मला सगळे कळत होते. पण कॅसेटला स्वतःहून थांबता येत नाही.

रईसा दारात आली. "काय करतेस गो?"

"अब्बांना जवाब देते."

रईसाने बटण बंद केले. मग मला लावून ऐकले. लेकीचा आवाज, मग थोडी खरखर, आणि मग उस्मान: "...वाट बघत उपाशी राहू नको, अम्मा. जेवून घे." त्यापाठोपाठ निम्मे गाणे. एवढेच उरले होते.

तिने मुलीवर हात उगारला नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझं काही सांगितलंस अब्बांना?"

तिचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या नोकरीवर होता. देश सोडावा लागला. मला तिने हातातल्या पिशवीत ठेवले.

गावी अम्माने पुन्हा अन्न सोडले होते. रईसाने तिच्यापासून काही लपवले नाही. "अम्मा, वीस मिनिटांचं होतं. पोरीने पुसलं. एवढंच उरलंय."

अम्माने ऐकले. "आणखी नाही?"

"नाही."

"पुन्हा लाव."

त्या दुपारी ती जेवली. पुढे रोज ताट वाढले की मला लावत. मुलाची ओळ झाली की अम्मा घासाला हात घाली आणि गाणे संपेपर्यंत खात राही. हळूहळू ती ते गाणे गुणगुणूही लागली.

"रईसा, तुझी सासू जपानीण झाली गो," शेजारणी चिडवत.

"तुमचे मुलगे सांगतात काय जेवायला?" अम्मा म्हणे. "माझा रोज सांगतो."

अम्मा जाऊन आता खूप वर्षे झाली. रोज वाजून माझी फीत झिजली. त्या ओळीच्या जागी आता नुसती सळसळ ऐकू येते. मी फरहानाच्या कपाटात एका डब्यात असते.

मागच्या महिन्यात तिची मुलगी अफशाँ मोबाइलवर एक गाणे लावून आली. "अम्मी, हे बघ, किती जुनं आहे, पण माझ्या सगळ्या मैत्रिणी ऐकतात." चाफेवालीच होती ती, आणि गाणे तेच निरोपाचे. आवाज अगदी कालचा वाटावा असा स्वच्छ, आणि गाणे पहिल्यापासून पूर्ण. उस्मान खरे बोलला होता. तिची गाणी लाखो घरांत होती. ती कुठे जाणार नव्हती.

गाणे निम्म्यावर आले, तशी फरहाना हातातले काम ठेवून थांबली. गाणे न अडखळता पुढे गेले. ती हळूच पुटपुटली, "जेवून घे."

"अम्मी, आत्ताच तर जेवलो," अफशाँ म्हणाली.

मित्रांनो, गाणी स्वतःला जपतात. घरातल्या माणसाचा आवाज मात्र कुणीतरी जपावा लागतो. तुमच्या घरीही असा एखादा असेल, ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. तो ठेवून देताना माझ्या खाचेवरचा हा तुकडा आठवा. तो काढायला दोन क्षणही लागले नसते.