दोन उंटांचं अंतर

"त्या घराण्यातल्या कुणाच्या मागून जायची वेळ आलीच, तर मध्ये दोन उंटांचं अंतर ठेव. वाट त्याने दाखवली तरी पाऊल आपल्या डोळ्यांनी टाक."

आईचं हे सांगणं अफ्राने लहानपणापासून ऐकलं होतं. तेव्हा त्यात उंट होते, पखाली होत्या आणि रुवैयाच्या विहिरीवर आधी कोण पोचतं याची जीवघेणी घाई होती. त्या घराण्याने मुद्दाम वाट चुकवली आणि आपले उंट तहानेने मेले, अशी ती गोष्ट. आता शारजाच्या पाठीमागच्या लाल वाळूत दहा गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, अफ्राची गाडी दुसरी होती आणि पहिल्या गाडीत त्याच घराण्यातला मत्तार बसला होता. अंतर ठेवायचं कसं?

मत्तार वाळूत गाड्या नेणाऱ्या क्लबचा म्होरक्या. पन्नाशीचा, कमी बोलणारा. थोरल्या मुलाच्या नावाने सगळे त्याला अबू हिलाल म्हणत, तशीच अफ्रा सगळ्यांची उम्म जासिम. शिकाऊ चालकांची ही तिसरी आणि शेवटची फेरी होती. फेरी संपल्यावर मत्तार नावं सांगणार, आणि ज्यांची नावं येतील त्यांनाच पुढच्या शनिवारी रुवैयापर्यंत गाडी नेता येणार. त्यानंतर उन्हाळा लागला की सगळं बंद.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत आईचे डोळे टिकणार नव्हते. डॉक्टरांनी तसं साफ सांगितलं होतं. आईचा जन्म त्या विहिरीजवळचा, तिच्या आईची कबर तिथल्याच घाफच्या झाडाखाली. "मला ते झाड एकदा बघायचंय गं," ती म्हणायची. अफ्राचे भाऊ आठ वर्षं "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत होते. जासिम शिकायला परदेशी. शेवटी अफ्राने आईचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, की डोळे आहेत तोवर मी तुला नेईन.

आता तो शब्द मत्तारच्या हातात होता, आणि तिला नेमकं तेच सलत होतं.

पहिल्या फेरीपासून त्याने तिला आपल्या गाडीमागेच ठेवलं होतं. बाकीच्यांचे क्रम बदलत, तिचा नाही. का? नजरेखाली ठेवायला. चूक झाली की सगळ्यांच्या देखत बोट दाखवायला. विहिरीचं नाव तिने काढलं तेव्हा तो नुसता "बघू" म्हणाला होता. त्या "बघू"मध्ये कुठेतरी पाणी मुरत होतं.

सकाळी वाळूच्या कडेला थांबून सगळ्यांनी चाकं रुतू नयेत म्हणून त्यांची हवा पंधरावर आणली. हवा सोडताना फुस्स आवाज सुरू झाला की नाएलची बडबडही सुरू व्हायची. नाएल जॉर्डनचा शाळामास्तर, दर फेरीत तीनदा रुतणारा.

"उम्म जासिम, माझ्यापण चाकांची हवा सोडा ना. माझी बायको म्हणते, तुमच्यातली सोडली तर आणखी बरं."

"तुझ्यातली सोडली तर रमजान उजाडेपर्यंत संपायची नाही," मागून लोर्ना ओरडली. लोर्ना फिलिपिनी नर्स. ताफ्यातली शेवटची गाडी तिची, कुणी मागे राहू नये म्हणून. मत्तारची सगळ्यात जुनी शिष्या. अफ्राला ती आवडायची, पण मत्तारविषयी एक वावगा शब्द ती ऐकून घ्यायची नाही, म्हणून तिच्याशीही अफ्रा जपूनच बोले.

दोन तास बरे गेले. टेकाड चढताना पाय हलका ठेवायचा नाही, माथ्यावर सोडायचा, उतारावर ब्रेकला शिवायचं नाही. अफ्राला जमत होतं. रेडिओवर मत्तारचा आवाज येई, "दुसरी गाडी, छान." तिला ते "छान"सुद्धा संशयाचं वाटे. आधी गोड बोलायचं, मग खड्ड्यात घालायचं, ही त्यांच्याकडची जुनीच रीत.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा ताफा दोन टेकाडांमधल्या सपाटीवर थांबला. कुणी करक चहाचे थर्मास उघडले, कुणी खजूर काढले. अफ्राची दुहाची, सकाळची जादा नमाज कित्येक वर्षांत चुकली नव्हती. ती गाड्यांपासून थोडी दूर गेली, चटई अंथरली, आणि मन एकाग्र करून उभी राहिली. शेवटी सलाम फेरताना मान उजवीकडे वळली, मग डावीकडे. डावीकडे तिची गाडी होती, आणि गाडीच्या मागच्या चाकाशी मत्तार उकिडवा बसला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. चटईची घडी घालेपर्यंत तो उठून, हात झटकत आपल्या गाडीकडे निघूनही गेला. चाकाशी कुणाचं काय काम? तेही मालकीण नमाजाला उभी असताना?

ती गाडीत बसली तोच मत्तार खिडकीशी आला. त्याने काचेवर बोट वाजवलं. अफ्राने काच खाली घेतली नाही. सगळं ठीक आहे अशी नुसती मान हलवली आणि इंजिन सुरू केलं. तो क्षणभर उभा राहिला. वारा वाढत होता, मागे आठ गाड्या थांबल्या होत्या. तो गेला.

मग अफ्राने आणखी एक गोष्ट केली. रेडिओचा आवाज पार खाली नेला. त्याच्या गाडीवरचं लाल निशाण दिसतंय, तेवढं पुरे. बोलणं नको. बोलण्यानेच माणूस फसतो.

पुढे एक मोठं टेकाड होतं, त्याच्या कुशीतून तिरकं जायचं होतं. मत्तारची गाडी एकदम खाली उतरली आणि पायथ्यापायथ्याने गेली. त्याच्या चाकोरीतून जायचं, हा शिकाऊंचा पहिला नियम. पण अफ्राच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. आतापर्यंत वरून नेत होता, आताच खालून का? खाली वाळू मऊ असणार. मी रुतावं म्हणून. तिने अंतर वाढू दिलं, चाकोरी सोडली आणि गाडी वरच्या अंगाने घातली.

अर्ध्या वाटेत मागून दबका धप्प आवाज झाला. गाडीचं बूड उजवीकडे बसलं, स्टीअरिंग हातात जड झालं. ती थांबली तेव्हा गाडी इतकी कलंडली होती की उतरताना तिला दार दोन्ही हातांनी वर ढकलावं लागलं. मागचं उजवं टायर रिमवरून निसटून वाळूत पसरलं होतं.

बरेचजण धावत आले. नाएल पहिला. "अल्लाचे आभार, या खेपेला मी नाही!" तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून फावडं आणायला वळला.

लोर्ना धापा टाकत चढली. "अगं बाई, घसा फोडून सांगत होता तो! खालून ये, खालून ये. ऐकत का नव्हतीस?"

अफ्राचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही, पण शब्द थांबले नाहीत. "मी नमाजाला उभी होते तेव्हा माझ्या चाकाशी कोण बसलं होतं, ते आधी विचार. चाकाची हवा आपोआप जात नाही."

  मत्तार जॅक घेऊन वर आला होता. त्याने जॅक खाली ठेवला, गुडघे टेकले, आणि निसटलेल्या चाकाच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं.

"हे टोपण तुझं आहे?"

व्हॉल्व्हवर पितळी टोपण होतं. अफ्राच्या गाडीला काळी प्लॅस्टिकची होती. तिने मत्तारच्या गाडीकडे पाहिलं. तीन चाकांवर पितळ चमकत होतं, चौथं उघडं होतं.

"सकाळी हवा सोडल्यावर एक टोपण तू लावलंच नाहीस," तो सांगू लागला. "व्हॉल्व्हमध्ये कण गेला. चहाच्या वेळी हवा नऊवर आली होती. कण काढला, माझं टोपण लावलं. हवा भरायला कंप्रेसर जोडायचा, तर तू नमाजात. सांगायला आलो, तर काच वर. रेडिओवर तीनदा सांगितलं. चढाला घालू नको, पलीकडे सपाटीवर हवा भरू."

लोर्नाने अफ्राच्या गाडीत हात घालून चहाच्या पेल्याच्या खोबणीतून काळं टोपण काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मग रेडिओचं बटण वर केलं. त्यातून मागच्या कुठल्यातरी गाडीचा आवाज आला, "काय झालं? सगळे सुखरूप ना?"

 रोज पहाटे अफ्रा ज्या गोष्टींपासून राखण मागायची, त्यात संशयाचं पाप होतंच. "मला माफ कर, अबू हिलाल," ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत बोलली होती, म्हणून माफीही सगळ्यांच्या देखत मागितली.

"केली," तो म्हणाला. "फळी दे इकडे."

जॅकखाली फळी, चाकाभोवती फावडी, मग कंप्रेसरची घरघर. ठप्प करून टायर रिमवर बसलं तेव्हा नाएलने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

दुपारी डांबरी रस्त्याला लागल्यावर मत्तारने नावं सांगितली. नाएलचं आलं, ते ऐकून तो स्वतःच दचकला. अफ्राचं आलं नाही.

ती त्याच्या गाडीपाशी गेली. "टायरमुळे?"

"टायर सगळ्यांचं निसटतं. माझं अकरा वेळा निसटलंय. रेडिओ बंद करणारा माणूस मी वाळूत माझ्या मागे घेणार नाही. माझं चुकेल तेव्हा मागच्याला मी कसं सांगू?"

"माझी आई रुवैयाची आहे. पुढच्या वर्षी तिला दिसणार नाही. मी शब्द दिलाय."

"माहीत आहे कुठली ते." त्याने डोळे बारीक केले. "माझी आजीपण ती गोष्ट सांगायची. फक्त तिच्या गोष्टीत वाट चुकवणारे तुमचे होते, आणि उंट आमचे मेले."

 खरं कोण? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत," तो म्हणाला. "तुझी इच्छा."

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं, आपलं चुकलेलंही लपवलं नाही. आईने ऐकून घेतलं आणि जपमाळ हातात घेतली. त्या दिवशी एक शब्द नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गुरुवारी अफ्राने उपास सोडताना पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "त्याच्या आजीची जीभ तशीच वाकडी होती." जायचं की नाही, ते काही कळलं नाही. आईचा नकार असला तर काय, हा विचार अफ्राने शुक्रवारी रात्री करायचाच नाही असं ठरवलं.

शनिवारी पहाटेची फज्रची नमाज झाली तेव्हा मत्तारची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. अफ्रा आईच्या खोलीत गेली. आई चेहऱ्यावर बुरखा बांधून, पायांत चपला घालून पलंगाच्या काठावर बसलेली. कधीपासून कोण जाणे.

अफ्राने तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. मत्तारने उतरून सलाम केला आणि मागचं दार उघडलं. आईने सलाम घेतला, दाराकडे पाहिलंच नाही.

"मी पुढे बसणार," ती म्हणाली. "हा कुठून नेतो ते मला दिसलं पाहिजे."

"या, या," मत्तार म्हणाला. "चुकलो तर सांगा."

"सांगीनच."

अफ्राने तिला वर चढवलं, पट्टा लावला, पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली. मग स्वतः मागे बसली आणि शेजारी कुणी जागं होऊ नये इतक्या हळू दार लावून घेतलं.