परशुरामाची सत्ती

एकशेवीस पाने. एक कमी नाही, एक जास्त नाही. आमगावातल्या तीन घरांच्या आजोबांनी कुठल्याशा जत्रेत मिळून गंजिफांचा डबा विकत घेतला, तेव्हाच त्यांनी नियम करून टाकला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, गावाबाहेर गेली की डबा उघडायचा आणि सगळ्यांच्या समोर पाने मोजायची. दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाची बारा गोल पाने. पुरी भरली तर डबा त्याच घरी राहायचा. एक जरी कमी भरले तर डबा पुढच्या घरी जायचा, आणि डब्यामागोमाग रोजची बैठकही. बांधाच्या भांडणात दहा वेळा तडजोड करणारी ही माणसे या मोजणीत मात्र सख्ख्या बापाला ओळखत नसत.

गेली चौदा वर्षे डबा उदारामाच्या घरी होता. त्याआधी तो नत्थूलालकडे असे. नत्थूलालची आई वारली त्याच वर्षी मोजणीत दोन पाने कमी भरली. पुढे ती त्याच्याच धानाच्या ढोलीत सापडली, पण गेलेला डबा परत आला नाही. माणूस आई गेल्याचे दुःख कधी ना कधी गिळतो. डबा गेल्याचे नत्थूलालने गिळले नव्हते.

उदारामाची सून शामकला. सासू देवकाबाई तीन वर्षांपूर्वी गेली, नवरा गोंदियाला रेल्वेत, तेव्हा घर आणि डबा दोन्ही तिच्याच हाती. त्यात दोन वर्षांपूर्वी उदारामाला लकव्याने गाठले. डावे अंग गेले, तोंड वाकडे झाले. एका हातात चाळीस गोल पाने धरणे धडधाकट माणसालाही जड जाते. शामकलाने बुरडाकडून बांबूची लांब कामटी आणवली, तिला मधोमध खाच पाडली आणि मातीच्या दोन गोळ्यांवर ती बसवली. त्या खाचेत चाळीसही पाने ओळीने उभी राहत. रोज जेवणानंतर नत्थूलाल आणि तिसऱ्या घरचा बकाराम येत, खाटेला खाट लागे, आणि तासभर उदाराम पुन्हा उदाराम होई. एरवी तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे.

"डबा माह्याकडं आला तं काय बिघडते?" नत्थूलाल एकदा म्हणाला होता. "चार घरं तं दूर. खाटेवर घालून नेऊ उदारामले."

"जित्या माणसाले खाटेवर घालून गल्लीतून नेतेत का?" उदाराम लडबडत्या जिभेने म्हणाला होता. डबा गेला तर उदारामाचा खेळ सुटणार आणि खेळ सुटला तर म्हातारा फार दिवस काढणार नाही, हे शामकलाला त्याच दिवशी कळून चुकले होते.

आणि नेमकी चूक तिच्याच हातून झाली.

त्या श्रावणात ओल अशी होती की पानांवरची लाख चिकट झाली. डब्यात ठेवावीत तर एकमेकांना चिकटून बसतील. आपल्याकडे जे जपायचे ते धानाच्या कोंड्यात ठेवतात. लिंबे असोत नाहीतर कंदिलाची काच. शामकलाने टोपलीत कोंड्याचा थर दिला, त्यावर एका रंगाची बारा पाने सुटी मांडली, वर पळसाची पाने, पुन्हा कोंडा. असे दहा थर. सगळ्यांत वर परशुराम. स्वतःच्या हुशारीवर ती मनातल्या मनात खूशही झाली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी कामवाली रुख्मा धान उकडायला आली. तिने चुलीत कोंडा टाकत टाकत कोपऱ्यातल्या टोपलीतलाही दोन मुठी कोंडा उचलून टाकला. चूल भडकन पेटली, तेव्हा शामकला धावली. राखेतून अर्ध्या चंद्रासारखा तुकडा निघाला. त्यावर दोन कुऱ्हाडी शिल्लक होत्या. परशुरामाची सत्ती जळाली होती.

"बाई, मी कोंडा समजूनच घातला व," रुख्मा रडकुंडीला आली.

"कोंडाच होता तो. पानं मीच ठेवली त्यात. तू कायले रडून राहिली?" शामकला म्हणाली. पोळा नऊ दिवसांवर आला होता.

तिने सासऱ्यापासून काही लपवले नाही. तुकडा त्याच्या उजव्या तळहातावर ठेवला. उदारामाने तो बराच वेळ पाहिला. "गेला तं गेला डबा," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. तिला ओरडला असता तर बरे झाले असते.

"जात नाई मामाजी," त्याच्या पाठीकडे पाहत ती म्हणाली. "मी जाऊ देत नाई."

त्या दुपारी तिने घरातली आणि शेजारची मिळून दहा सुपे गोळा केली. एकेका सुपात एकेक रंग मांडला. कुऱ्हाड कशी काढतात, दांडा केवढा, रंग कोणता, हे सगळे नीट पाहायचे होते. पाहता पाहता ती थबकली. कासवांच्या सुपातल्या तीन पानांवरची कासवे वेगळी होती. त्यांची शेपटी वर वळलेली. अशी कासवे तिने रोज पाहिली होती, तुळशीपुढच्या रांगोळीत. सासूने शिकवलेली तिची स्वतःची रांगोळी तशीच होती. तिने मग प्रत्येक पान हातात घेऊन पाहिले, कडेवरून बोट फिरवले, आणि मूळ पानांसारखी नसलेली पाने प्रत्येक सुपात बाजूला सारली. कृष्णाच्या गाईंची चार, कासवांची तीन, माशांची दोन. एकूण नऊ.

"मामाजी, हे कासव सासूबाईंचं होय ना?"

उदारामाने डोळे मिचकावले. वाकडे तोंड आणखी वाकडे झाले. तो हसत होता. "पान कोणी काढलं ते खेळणाऱ्यानं इचारू नाई," एवढेच तो म्हणाला.

तिच्या अंगात बळ आले. देवकाबाईने तीनदा केले, तर आपण एकदा करू शकत नाही?

जुन्या धोतराचे तुकडे तिने चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवले. पहिले पान वाळताना वाटीसारखे वाकडे झाले. दुसरे तिने पाटा ठेवून दाबले, ते सरळ राहिले, पण पावसाळी हवेत वाळेना, त्याला बुरशी धरली. तिसरे तिने त्याच चुलीच्या कोमट राखेवर वाळवले, जिने सत्ती खाल्ली होती. खडूची पूड लावून शिंपल्याने घोटले. हिंगूळ आणि काजळ घेऊन सात कुऱ्हाडी काढल्या. आठव्या दिवशी ती लाखेच्या बांगड्या करणाऱ्या मुन्नालालच्या दुकानी जाऊन बसली.

"बाई, ये चूड़ी का काम है, पत्ते का नहीं," मुन्नालाल म्हणाला.

"लाख तेच आहे ना? मग लाव. मी उठत नाई इथून."

मुन्नालालने कपाळाला हात लावला आणि शेगडीवर लाख ठेवली.

मारबत गेली. दुपारी बकाराम आणि नत्थूलाल आले, आणखी चार-पाच जण ओसरीवर बसले. मोजायचा मान बकारामाचा. वयाने सगळ्यांत मोठा आणि पूर्वापार मोजणारा. शामकला डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होती. बकारामाने एकेक पान अंगठ्याखालून सोडले. मत्स्य बारा. कच्छ बारा. परशुरामावर त्याचा अंगठा क्षणभर थांबला, पण तो पुढे गेला. "एकशेवीस," तो म्हणाला.

"थांब," नत्थूलाल म्हणाला. बकारामाचा अंगठा अडला होता तेच पान त्याने परशुरामाच्या गड्डीतून ओढले आणि नाकाला लावले. "लाखेचा वास ताजा आहे. हे पान आजोबायनं घेतलेलं नाही. एकशे एकोणीस भरले. डबा माह्याकडं."

उदारामाने उजव्या हाताने खाटेची दोरी घट्ट धरली. ते शामकलाने पाहिले, आणि सुनेने मोठ्यांपुढे बोलू नये हा नियम तिने उंबरठ्याच्या आतच ठेवला.

"काकाजी, बरोबर आहे तुमचं," ती बाहेर येऊन म्हणाली. "सत्ती माह्या चुकीनं जळाली अन मीच नवी केली. काढा ते पान. पण मग तसली सारीच काढू."

ती खाली बसली. तिला शोधावे लागले नाही. कोणते पान कोणत्या गड्डीत कितवे, हे तिला पाठ होते. "हे कासवाचे तीन. माह्या सासूबाईंचे." तिने ते नत्थूलालपुढे ठेवले. "हे गाईचे चार. कोणाचे मले माहीत नाही."

"माह्या घरवालीचे, पुष्पाबाईचे," बकाराम म्हणाला. "डबा आमच्याकडं होता तवा उंदरानं कुरतडले होते. बिचारी चार दिवस जेवली नाही."

"अन हे दोन माशांचे. डोळे काजळाचे आहेत, अन मासे हसून राहिले."

बकारामाने नत्थूलालकडे पाहिले. "ते तुह्या मायचे, नत्थू."

"काहीतरीच."

"मोजणारा मी. मले दिसत नसन का? जमुनाबाई असेच मासे काढे. तुमच्या चुलीमागच्या भिंतीवर होते. तू भिंत पाडली."

नत्थूलालने पाने हातात घेतली. तीस वर्षे तो या पानांनी खेळला होता, यांनीच जिंकला होता आणि हरला होता. एका पानावर तीन मासे होते, दुसऱ्यावर चार. सगळे तोंड किंचित उघडे ठेवून हसत होते. आईचा हात असा होता, हे तो विसरून गेला होता. त्याने पान उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"सांगा काकाजी," शामकला म्हणाली. "नऊ हे अन माह्यं एक. दहा काढले तं एकशेदहा राहतेत. डबा मग कोणाच्याच घरचा नाही. काढू का?"

नत्थूलालने कासवे कासवांत ठेवली, गाई गाईंत. परशुरामाची सत्ती तिच्या जागी सारली. मासे मात्र शेवटी ठेवले.

"एकशेवीस," तो म्हणाला. गड्ड्या नीट लावून पुन्हा म्हणाला, "पुरे एकशेवीस. सूनबाई, कामटी आण त्याची."

शामकलाने कामटी आणली आणि सासऱ्यापुढे मांडली. पाने वाटली गेली. उदारामाने त्या दिवशी असा खेळ केला की बकारामाला दोनदा डोके खाजवावे लागले. परशुरामाची सत्ती त्याच्याच वाट्याला आली होती, आणि तिच्यावर त्याने एक हातही मारला.

आईने काढलेली चार माशांची चौकी नत्थूलालकडे गेली होती. ती कधीच टाकायला हवी होती, हे शिकाऊ पोरालाही कळले असते. पण तो तिच्याऐवजी राजा टाकत होता, प्रधान टाकत होता. शेवटी त्याच्या हातात ते एकच पान राहिले, आणि डाव त्याच्या हातून गेलाच होता.

"नत्थू, टाक ना बाप्पा आता," उदाराम म्हणाला.

"टाकतो," नत्थूलाल म्हणाला. "थोडं थांब."

ते थांबले.